स्नॅपच्या आधीची पाच माणसे

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो फार थोडा वेळ. एकेक चाल काही सेकंदांत संपते, आणि दोन चालींच्या मधला वेळ त्याहून कितीतरी मोठा असतो. त्या वेळात खेळाडू घोळका करतात, पांगतात, वाकून उभे राहतात, एखादा आडवा धावत जागा बदलतो. टेक्सासमधल्या ऑस्टिनला स्थायिक झाल्यापासून मी हा खेळ नेमाने पाहतो आहे, आणि माझे ठाम मत झाले आहे की ज्याला सामना समजून घ्यायचा आहे त्याने नजर या मधल्या वेळेवर ठेवावी. चेंडू सेंटरच्या पायांमधून मागे जाण्यापूर्वी, म्हणजे स्नॅपच्या आधी, आक्रमण करणारा संघ ज्या रचनेत उभा राहतो तिच्यातच पुढच्या चालीचे बरेचसे सांगून झालेले असते. इथली अनेक मराठी मंडळी शुक्रवारी रात्री मुलांच्या शाळेचे सामने पाहायला जातात आणि ‘नुसती धडकाधडकी’ म्हणून परत येतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात एका साध्या वजाबाकीपासून करावी लागते. मैदानावर प्रत्येक संघाचे ११ खेळाडू असतात. चेंडू जिथे ठेवलेला असतो तिथून मैदानाच्या रुंदीभर एक काल्पनिक रेषा मानतात, ती लाइन ऑफ स्क्रिमेज. आक्रमक संघाचे निदान सात खेळाडू या रेषेवर असलेच पाहिजेत. त्यांतले मधले पाच, म्हणजे चेंडू मागे देणारा सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंचे गार्ड आणि त्यांच्या पलीकडचे टॅकल, यांना पुढे फेकलेला पास झेलण्याची मुभा नसते; वाट मोकळी करणे आणि क्वार्टरबॅकचे रक्षण करणे हेच त्यांचे काम. स्नॅप घेऊन चाल चालवणारा क्वार्टरबॅक हा सहावा. अकरातून हे सहा वजा केले की पाच जण उरतात, आणि या पाचांना चेंडू घेऊन धावता येते, पास झेलता येतो किंवा दुसऱ्यासाठी प्रतिस्पर्धी अडवता येतो. रेषेवरचे सात पुरे करण्यासाठी या पाचांपैकी दोघांना रेषेच्या दोन टोकांना उभे राहावे लागते, उरलेल्या तिघांनी रेषेच्या मागे राहायचे असते. रचनांची नावे कितीही असोत, प्रत्येक रचना म्हणजे ‘या पाच जणांना कुठे उभे करायचे’ या एकाच प्रश्नाचे उत्तर असते.

क्रिकेटमध्ये कर्णधार क्षेत्ररक्षण लावतो आणि फलंदाज ते वाचून आपला फटका ठरवतो. इथे क्रम उलटा आहे. आक्रमक आधी आपली माणसे मांडतात, बचाव करणाऱ्यांना त्या मांडणीला धरून उभे राहावे लागते, आणि ते कसे उभे राहिले हे क्वार्टरबॅक स्नॅपपूर्वीच्या काही क्षणांत वाचून घेतो. एका बाजूला तीन रिसीव्हर, म्हणजे मुख्यतः पास झेलणारे खेळाडू, दूरवर उभे केले, तर बचाव करणाऱ्यांना मध्यभागातून एखादा माणूस काढून तिकडे पाठवावा लागतो, आणि मग मधून धावण्यासाठी जागा होते. त्यांनी माणूस हलवला नाही, तर पास देण्यासाठी कडेला तिघांसमोर दोघेच असतात. रचनेची खरी ताकद या पेचात आहे.

या वजाबाकीचा एक बारकावा मला विशेष आवडतो, कारण तो डोळ्यांनी टिपता येतो. रेषेवर उभ्या असलेल्यांपैकी फक्त दोन टोकांच्या खेळाडूंनाच पास झेलता येतो. समजा, उजव्या टॅकलला लागून टाइट एंड, म्हणजे अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू, उभा आहे आणि त्याच्या पलीकडे, कडेच्या बाजूला, एक वाइड रिसीव्हरही रेषेवरच उभा राहिला, तर टोक त्या रिसीव्हरचे झाले. आत अडकलेला टाइट एंड ‘झाकला’ गेला आणि त्याचा पास झेलण्याचा हक्क गेला. म्हणून टाइट एंडच्या बाजूचा रिसीव्हर रेषेपासून जेमतेम एक यार्ड मागे उभा राहतो, आणि दुसऱ्या बाजूचा, जिथे टाइट एंड नाही तिथला, रेषेवर राहतो. पुढच्या वेळी कडेच्या रिसीव्हरकडे नीट पाहा. जागेवर पोहोचल्यावर तो कडेच्या पंचाकडे वळून हाताने खूण करतो. आपण रेषेवर आहोत की मागे, याची तो खातरजमा करून घेत असतो. रेषेवरच्या रिसीव्हरला एक्स, टाइट एंडला वाय आणि मागे सरकलेल्याला झेड म्हणण्याची पद्धत आहे. झेडला हे एक यार्डाचे अंतर फार उपयोगी पडते. समोरच्या बचावपटूला त्याला सुरुवातीलाच धक्का देऊन अडवणे कठीण जाते, शिवाय स्नॅपपूर्वी आडवे धावण्याची मुभा रेषेच्या मागे असल्यामुळे त्याला सहज मिळते.

सातांचा हा नियम आभाळातून पडलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सगळे खेळाडू एकमेकांना बिलगून एका ठिकाणी मुसंडी मारत, आणि त्यात माणसे दगावत. १९०५ साली असे मृत्यू आणि गंभीर दुखापती इतक्या झाल्या की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. १९०६ मध्ये पुढे पास फेकण्यास परवानगी मिळाली आणि १९१० मध्ये रेषेवर सात खेळाडू असण्याचे बंधन आले. मागून धावत येणाऱ्यांचा जमाव त्यामुळे मोडला. आजची सगळी मांडणी या दोन सुधारणांच्या चौकटीत होते.

त्या काळात प्रशिक्षक पॉप वॉर्नर यांनी रूढ केलेली सिंगल विंग ही रचना पुढे काही दशके गाजली. तिच्यात स्नॅप थेट मागे उभ्या असलेल्या टेलबॅककडे जाई आणि तोच धावे किंवा पास फेके. यातला हिशेब समजून घेण्यासारखा आहे. चेंडू घेऊन धावणारा एक, त्याच्यासाठी अडवणारे दहा, आणि समोर बचाव करणारे अकरा. म्हणजे बचावाचा एकच माणूस मोकळा राहतो आणि त्याला धावणाऱ्याने स्वतः चुकवायचे. क्वार्टरबॅकने चेंडू दुसऱ्याच्या हाती देऊन नुसते बाजूला व्हायचे ठरवले, तर अडवणारे नऊच उरतात आणि बचावाचे दोन जण मोकळे होतात. ही एका माणसाची तूट कशी भरून काढायची, हा प्रश्न पुढच्या जवळजवळ प्रत्येक रचनेच्या मुळाशी आहे.

टी फॉर्मेशनने ही तूट स्वीकारली आणि तिच्या बदल्यात वेग आणि हुलकावणी मिळवली. क्वार्टरबॅक सेंटरच्या अगदी मागे उभा राहून चेंडू हातात घेतो. त्याच्या मागे एका आडव्या ओळीत तीन बॅक, म्हणजे रेषेमागून चेंडू घेऊन धावणारे, असतात, मध्ये फुलबॅक आणि दोन बाजूंना हाफबॅक. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन गर्रकन वळतो, त्याची पाठ बचावाकडे होते, आणि तिघांपैकी कोणाच्या पोटाशी चेंडू गेला हे समोरच्यांना लवकर कळत नाही. रचना जुनीच होती, पण शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक जॉर्ज हॅलस आणि त्यांना साहाय्य करणारे क्लार्क शॉनेसी यांनी तिच्यात स्नॅपपूर्वी आडवे धावणारा हाफबॅक घातला आणि एका टोकाच्या खेळाडूला दूरवर उभे करून बचाव ताणला. १९४०च्या नोव्हेंबरमध्ये बेअर्स वॉशिंग्टनकडून ७–३ असे हरले होते. तीन आठवड्यांनी, ८ डिसेंबरला, अजिंक्यपदाच्या सामन्यात तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. क्वार्टरबॅक सिड लकमन यांची पहिली चाल प्रामुख्याने चाचपणीची होती: हाफबॅक आडवा धावला की वॉशिंग्टनचा बचाव मागच्या सामन्यासारखाच सरकतो का, एवढे पाहायचे होते. तो तसाच सरकला. दुसऱ्या चालीत बिल ऑसमान्स्की डाव्या कडेने ६८ यार्ड धावले आणि टचडाउन झाला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचला. अंतिम गुणसंख्या ७३–०. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या इतिहासात एवढ्या फरकाचा विजय आजवर दुसरा झालेला नाही. त्याच हंगामात शॉनेसी यांच्या मार्गदर्शनाखाली स्टॅनफर्डचा संघही टी फॉर्मेशन खेळत अपराजित राहिला आणि १९४१च्या पहिल्या दिवशी रोझ बोल या महाविद्यालयीन सामन्यात नेब्रास्काला २१–१३ असा हरवून आला. त्यानंतर सिंगल विंगचे दिवस भराभर सरले.

आता आय फॉर्मेशन. नव्याने पाहू लागणाऱ्याने सर्वांत आधी ही रचना ओळखायला शिकावी, कारण तिच्यात लपवाछपवी कमी आणि हेतू उघड आहे. क्वार्टरबॅक सेंटरच्या मागे, त्याच्या मागे साधारण चार यार्डांवर फुलबॅक हात जमिनीला टेकून वाकलेला, आणि सुमारे सात यार्डांवर टेलबॅक, असे तिघे एका सरळ उभ्या ओळीत असतात. टेलबॅक हात मांड्यांवर ठेवून जवळजवळ ताठ उभा असतो, आणि त्यामागे कारण आहे: पुढच्या गर्दीवरून त्याला बचावाचा दुसरा थर, म्हणजे लाइनबॅकर, दिसत राहायला हवा. तो ओळीच्या मध्यावर असल्यामुळे डावीकडे जाणार की उजवीकडे, हे त्याच्या जागेवरून कळत नाही. चेंडू हाती येईपर्यंत त्याने दोन-तीन ढांगा टाकलेल्या असतात, म्हणजे तो रेषेपाशी पोहोचतो तोच पूर्ण वेगात.

या रचनेतली आयसो नावाची चाल एकदा संथ गतीने पाहण्यासारखी आहे. रेषेवरचे खेळाडू आपापल्या समोरच्याला बाहेर ढकलतात, पण मधल्या एका लाइनबॅकरला मुद्दाम कोणीही हात लावत नाही. तो लाइनबॅकर फुलबॅकसाठी राखून ठेवलेला असतो. फुलबॅक फटीतून सरळ त्याच्या अंगावर जातो, आणि टेलबॅक त्याच्या पाठीशी राहून, टक्कर झाल्यावर कोणती बाजू मोकळी झाली ते पाहून, त्या बाजूने निसटतो. फुलबॅकचे नाव दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येत नाही. मला मात्र हा खेळाडू फार महत्त्वाचा वाटतो, आणि आजच्या व्यावसायिक संघांपैकी अनेकांनी त्याला संघातच ठेवणे सोडले आहे याचे वाईट वाटते. महाविद्यालयीन स्तरावर प्रशिक्षक जॉन मॅके यांनी साठच्या दशकात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात आय फॉर्मेशनला प्रतिष्ठा दिली. तिथल्या माइक गॅरेट यांना १९६५ मध्ये सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला दिले जाणारे हाइझमन पारितोषिक मिळाले, आणि पुढे ओ. जे. सिम्पसन, चार्ल्स व्हाइट आणि मार्कस ॲलन या तिथल्याच टेलबॅकनाही ते मिळाले.

ऑस्टिनमध्ये राहून विशबोन या रचनेबद्दल न लिहिणे शक्य नाही. १९६८ साली टेक्सास विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांचे सहकारी एमरी बेलार्ड यांनी ही रचना आणली: क्वार्टरबॅकच्या अगदी जवळ फुलबॅक, आणि त्याच्या मागे दोन बाजूंना थोडे अंतर ठेवून दोन हाफबॅक. वरून पाहिले तर इंग्रजी वाय अक्षरासारखी आकृती दिसते. इथे एका माणसाच्या तुटीचे उत्तर वेगळ्या रीतीने दिलेले आहे. बचावातल्या ठरावीक दोघांना कोणी अडवतच नाही; क्वार्टरबॅक त्यांच्या हालचाली पाहून निर्णय घेतो. पहिला आत फुलबॅककडे झेपावला तर क्वार्टरबॅक फुलबॅकच्या पोटाशी टेकवलेला चेंडू काढून घेतो आणि कडेकडे धावतो. दुसरा त्याच्या अंगावर आला तर तो चेंडू बाजूने धावणाऱ्या हाफबॅककडे टाकतो. ज्याला अडवायचे त्याला निर्णयानेच निकामी करायचे, ही कल्पना मला या खेळातली सर्वांत बुद्धिमान कल्पना वाटते. पहिल्या सामन्यात बरोबरी आणि दुसऱ्यात हार झाली, मग जेम्स स्ट्रीट क्वार्टरबॅक झाले आणि टेक्सासने सलग ३० सामने जिंकले.

त्या मालिकेतला ६ डिसेंबर १९६९चा आर्कान्साविरुद्धचा सामना रचनेच्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. टेक्सास १४–८ असे मागे होते, पाच मिनिटांहून कमी वेळ उरला होता, चेंडू स्वतःच्या ४३ यार्डांच्या रेषेवर होता आणि चौथ्या डाउनला, म्हणजे चेंडू राखण्याच्या शेवटच्या प्रयत्नात, तीन यार्ड हवे होते. तीन बॅक क्वार्टरबॅकच्या मागे दाटीवाटीने उभे, म्हणजे पास झेलायला लगेच पुढे धावू शकणारे रेषेच्या टोकांचे दोघेच. अशी मांडणी पाहून कोणीही धावण्याच्याच तयारीत राहील, आणि आर्कान्सा तसेच राहिले. रॉयल यांनी टाइट एंड रँडी पेशेल यांना लांब पास देण्याची चाल सांगितली. धावण्याची हूल बसली, पेशेल दोन बचावपटूंच्या पलीकडे पोहोचले आणि ४४ यार्डांचा पास त्यांच्या हातात पडला. थोड्याच वेळात टेक्सासने टचडाउन करून सामना १५–१४ असा जिंकला. वर्षभर एकाच रचनेतून सतत धावत राहिल्यामुळे तो एक पास शक्य झाला होता.

शॉटगनमध्ये क्वार्टरबॅक सेंटरपासून सुमारे पाच यार्ड मागे उभा राहतो आणि स्नॅप हवेतून त्याच्याकडे येतो. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे प्रशिक्षक रेड हिकी यांनी १९६०च्या अखेरीस ही रचना बॉल्टिमोर कोल्ट्सविरुद्ध वापरून ३०–२२ असा विजय मिळवला, पण पुढच्याच हंगामात शिकागो बेअर्सने तिचा ३१–० असा पाडाव केला आणि व्यावसायिक फुटबॉलमधून ती जवळजवळ नाहीशी झाली. १९७५ मध्ये डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक टॉम लँड्री यांनी क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबाक यांच्यासाठी ती परत आणली. आज बहुतेक संघांचा निम्म्याहून अधिक खेळ शॉटगनमधून होतो. तिचा फायदा उघड आहे: क्वार्टरबॅकला पाठ फिरवावी लागत नाही, सगळे मैदान त्याच्या समोर राहते आणि धावून येणाऱ्यांपासून त्याला सुरुवातीलाच अंतर मिळते. तोटाही आहे. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा मुख्य खेळाडू, त्याच्या शेजारी उभा असतो, म्हणून चेंडू घेताना त्याला आडवे जावे लागते, आयमधल्या टेलबॅकसारखा सरळ वेग मिळत नाही, आणि तो कोणत्या बाजूला उभा आहे यावरून बचाव करणारे दिशेचा अंदाज बांधतात.

हा तोटा भरून काढण्याचे दोन मार्ग निघाले. एक झोन रीडचा, जो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ग्लेनव्हिल स्टेटमध्ये रिच रॉड्रिगेझ यांनी विकसित केला. विशबोनचा विचारच त्यात शॉटगनमध्ये आणलेला आहे: कडेच्या एका बचावपटूला न अडवता सोडायचे, तो रनिंग बॅकच्या मागे धावला तर क्वार्टरबॅकने चेंडू स्वतःकडे ठेवायचा. इथल्या लोकांना हे टेक्सास विद्यापीठाचे क्वार्टरबॅक व्हिन्स यंग यांच्यामुळे तोंडपाठ आहे. ४ जानेवारी २००६ रोजी दक्षिण कॅलिफोर्नियाविरुद्ध ४१–३८ असा जिंकलेल्या रोझ बोलमध्ये ते एकटे २०० यार्ड धावले. दुसरा मार्ग पिस्टलचा. २००५ मध्ये नेव्हाडा विद्यापीठात क्रिस ऑल्ट यांनी क्वार्टरबॅकला चार यार्डांवर आणले आणि रनिंग बॅकला शेजारून उचलून सरळ त्याच्या मागे ठेवले, म्हणजे दृष्टी शॉटगनची आणि धाव आयची.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये २००८ साली मायामी डॉल्फिन्सने क्वार्टरबॅकला बाजूला काढून थेट रॉनी ब्राउन या रनिंग बॅकला स्नॅप दिला आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्सना ३८–१३ असे हरवले. वाइल्डकॅट या नावाने ती चाल गाजली, तरी तिचा हिशेब पॉप वॉर्नर यांच्या सिंगल विंगचाच होता. बचाव करणारे सावध झाल्यावर तिचा बहर लवकर ओसरला.

शाळेच्या सामन्याला गेलात तर आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. प्रत्येक चाल मैदानावरच्या तुटक खुणांच्या, म्हणजे हॅश मार्कच्या, आत किंवा त्यांच्यावर सुरू होते. टेक्सासच्या सरकारी शाळा महाविद्यालयीन नियमांनी खेळतात आणि त्या नियमांत या खुणा ४० फुटांच्या अंतराने असतात. मैदान १६० फूट रुंद, म्हणून चेंडू एका खुणेवर असेल तर जवळची कड ६० फुटांवर आणि दूरची १०० फुटांवर राहते. त्या १०० फुटांच्या बाजूला तीन रिसीव्हर पाठवले की बचाव चांगलाच ताणला जातो. एनएफएलमध्ये खुणांमधले अंतर साडेअठरा फूटच असते, त्यामुळे चेंडू नेहमी मध्याजवळ राहतो आणि दोन्ही बाजूंत एवढा फरक पडत नाही. आय फॉर्मेशनची मध्यावरची ओळ पाहायची असेल तर वरच्या पायऱ्यांवर बसावे, आणि टेलिव्हिजनच्या कॅमेऱ्यात दूरचे रिसीव्हर अनेकदा मावत नाहीत, हेही तिथे गेल्यावर लक्षात येते.

राहिला तो स्नॅपपूर्वीचा आडवा धावणारा. नियमानुसार त्या क्षणी रेषेमागचा एकच खेळाडू हालचालीत असू शकतो, आणि त्याने प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने पुढे जाता कामा नये. बाकीचे दहा स्थिर हवेत. तो एका बाजूहून दुसऱ्या बाजूला गेला आणि एक बचावपटू त्याच्या पाठोपाठ सरकत आला, तर बहुधा प्रत्येक जण आपापला माणूस धरून आहे असे समजावे. कोणीच मागे आले नाही, नुसती फळी एक-दोन पावले सरकली, तर प्रत्येक जण आपली जागा राखून आहे. क्वार्टरबॅकला ही माहिती चेंडू हलण्यापूर्वीच मिळते. २०२३ मध्ये माइक मॅकडॅनियल यांच्या मायामी संघाने याच मुभेचा वेगळा उपयोग केला: टायरीक हिल स्नॅपच्या जेमतेम एक-दोन क्षण आधी बाहेरच्या दिशेने आडवे धावू लागत, आणि चेंडू हलताच वळून पुढे सुसाट निघत. समोरचा बचावपटू तोपर्यंत जागेवरच उभा असे, आणि अंगावर वेगाने येणाऱ्या रिसीव्हरला रेषेपाशी धक्का देऊन रोखण्याची त्याची संधी हुकलेली असे. कॅनडाच्या व्यावसायिक लीगमध्ये १२ खेळाडू असतात आणि तिथे रेषेमागच्या अनेकांना स्नॅपपूर्वी एकाच वेळी पुढे धावत येण्याचीही मोकळीक आहे, आणि तिथला बचाव रेषेपासून पूर्ण एक यार्ड मागे उभा केलेला असतो.